‘आज होणार नाही, पुढच्या गुरुवारी या!’

सकाळचे सव्वाआठ वाजले होते. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर हिरवा गाऊन घालून अक्का बसल्या होत्या. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्या बांगड्या माझ्या पर्समध्ये, मंगळसूत्र रुमालात गुंडाळून माझ्या कमरेला खोचलेलं. सिस्टरांनी केसांच्या दोन वेण्या घालायला लावल्या होत्या. सत्तेचाळीस वर्षांच्या अक्का शाळेला निघालेल्या मुलीसारख्या दिसत होत्या. मी तसं म्हटलं तेव्हा भीतीनं पांढरा पडलेला त्यांचा चेहरा जरासा हसला.

तेवढ्यात सिस्टर फाईल घेऊन आल्या.

“रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?”

“नाही हो, उपाशीच आहे. सकाळी फक्त अर्धा कप चहा घेतला.”

सिस्टरांचं पेन थांबलं. “दुधाचा?”

“हो, दुधाचाच.”

त्या आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आज होणार नाही, पुढच्या गुरुवारी या!”

झालं! का, कशासाठी, काही नाही. पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं आणि अक्का हिरव्या गाऊनमध्ये तशाच उभ्या राहिल्या.

मैत्रिणींनो, घरातल्या बाईचं ऑपरेशन ठरतं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. अक्कांना दोन वर्षांपासून त्रास होता. गर्भपिशवीत गाठी झालेल्या. पाळी आली की दहा-दहा दिवस थांबायची नाही. पण आधी दिवाळी होऊ दे, मग सुगी होऊ दे, मग धाकट्याची परीक्षा होऊ दे, असं करत दोन वर्षं गेली. शेवटी एकदाची तारीख घेतली. आठ दिवसांचं पीठ दळून ठेवलं. सासूबाईंच्या गोळ्या वारांप्रमाणे पुड्या बांधून ठेवल्या. म्हशीच्या धारेसाठी शेजारच्या वहिनींना सांगितलं. पुतणीला हॉस्टेलवरून बोलावून घेतलं, भाऊजींनी रजा टाकली. आमच्या तालुक्याच्या गावापासून जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय साठ किलोमीटर. एवढा सगळा पसारा आवरून आलेली बाई पाच मिनिटांत परत!

एसटीत बसल्यावर मी अक्कांवर चिडले. काय बोलले ते आज लिहितानाही लाज वाटते. म्हटलं, “एवढं खरं बोलायची काय गरज होती अक्का? नाही म्हणून मोकळं व्हायचं ना!”

अक्का काहीच बोलल्या नाहीत. आणि खरी गोष्ट सांगू? तो चहा पहाटे साडेपाचला वॉर्डाबाहेरच्या टपरीवरून मीच आणून दिला होता. आदल्या रात्री सिस्टर सांगून गेल्या होत्या, “उद्या उपाशी राहायचं.” आता आपल्याकडे उपाशी आणि उपवास यात फरक तो कितीसा! चतुर्थी असो की एकादशी, चहा चालतोच. त्यात तो मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणजे अक्कांचा तसाही उपवासच. चहानं का कुठं उपवास मोडतो, असा माझा साधा हिशेब.

तो हिशेब किती चुकीचा होता हे कळायला मला नऊ महिने लागले.

दुसरा गुरुवार

पुढच्या गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला मी चहाच्या टपरीकडे बघितलंसुद्धा नाही. अक्कांनी रात्री दहानंतर पाण्याचा थेंब घेतला नाही. यादीत त्यांचा तिसरा नंबर होता. नऊ वाजले, दहा वाजले, साडेअकरा झाले. मग एकदम धावपळ झाली. स्ट्रेचरवरून एका पोरसवदा बाळंतिणीला पळवत आत नेलं. मागून तिची आई रडत. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले होते म्हणे. त्यानंतर आणखी एक आली, तिचंही सिझेरियन.

दोन वाजता तेच वाक्य, “आज होणार नाही.”

त्या दिवशी भाऊजी भडकले. काउंटरवर हात आपटून बोलले. तिथला माणूस म्हणाला, “आम्ही काय करणार, साहेबांना विचारा.” साहेब थिएटरमध्ये. अक्का सोळा तास उपाशी. त्यांना चक्कर येत होती, ओठ कोरडे पडले होते. मी टपरीवरून बिस्किटाचा पुडा आणि चहा आणला. या खेपेला चहा द्यायला हरकत नव्हती!

घरी आल्यावर अक्कांनी देवापुढे दिवा लावला आणि म्हणाल्या, “बरं झालं बाई. दोनदा अडलं म्हणजे देवालाच नको आहे.” सासूबाईंनीही मान डोलावली. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, पन्नाशीला आपोआप थांबतं, कशाला कापाकापी! पुढच्या तारखेचा कागद गणपतीच्या फोटोमागे गेला तो गेलाच.

मैत्रिणींनो, मला जे सांगायचं आहे ते इथं आहे. ऑपरेशन रद्द होणं वाईट, त्रासाचं, खर्चाचं. पण खरा घात होतो तो नंतर. एकदा रद्द झालं की बाई परत जात नाही. आपण आधीच घाबरलेल्या असतो, घरच्यांची गैरसोय केली म्हणून मनात खजील असतो. टळलं की सुटल्यासारखं वाटतं. दुखणं मात्र टळलेलं नसतं.

अक्का आठ महिने गेल्या नाहीत. श्रावणात एक दिवस पाण्याची कळशी घेऊन पायऱ्या चढताना त्या मध्येच बसल्या. धाप लागलेली, नखं पांढरीफटक. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा! बाईचं बारा तरी असावं लागतं. हे महाभाग सहावर भाकऱ्या थापत होते, धुणं धूत होते आणि ‘मला काही होत नाही’ म्हणत होते.

भूल देणाऱ्या मॅडम

आम्ही पुन्हा त्याच रुग्णालयात गेलो. या वेळी ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांच्या तपासणीला, ज्याला सगळे ‘फिटनेस’ म्हणतात त्याला, नीट वेळ घेऊन गेलो. मॅडम तरुण होत्या, माझ्या भाचीएवढ्या. मी धीर करून विचारलं, “मॅडम, अर्ध्या कप चहासाठी तुम्ही आमच्या बाईला परत का पाठवलंत?”

त्यांनी खुर्ची सरकवली आणि चित्र काढून समजावलं. आपण जागे असतो तेव्हा पोटातलं काही वर आलं तर ठसका लागतो, खोकला येतो. शरीर स्वतःला वाचवतं. पूर्ण भूल दिली की तो ठसकाच उरत नाही. पोटातलं अन्न, दूध, आम्ल वर येऊन थेट फुप्फुसात जाऊ शकतं. आम्ल फुप्फुस आतून भाजून काढतं. कर्टिस मेंडेलसन नावाच्या डॉक्टरांनी न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या ४४ हजारांवर गरोदर बायकांच्या नोंदी तपासून १९४६ साली हे मांडलं. भुलीखाली असताना पोटातलं फुप्फुसात गेल्याची ६६ उदाहरणं त्यांना सापडली होती. तेव्हापासून ‘उपाशी या’ हा नियम जगभर कडक झाला. म्हणजे हा नियम आपल्यासारख्या बायकांच्याच जिवावरच्या अनुभवातून आलेला आहे!

आणि चहा? साधं पाणी पोटातून लवकर पुढं सरकतं, म्हणून ते भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालू शकतं. पण दूध पोटात गेलं की त्याचं दही होतं, ते अन्नासारखंच वागतं. त्यामुळे दुधाचा चहा म्हणजे हलका नाश्ताच, सहा तास धरायचे. तेलकट, जड जेवणाला आठ तास. साडेपाचचा चहा साडेआठच्या भुलीला चालणं शक्यच नव्हतं.

मॅडम पुढे म्हणाल्या, “चहा झाल्या झाल्या सिस्टरांना सांगितलं असतंत तर कदाचित नंबर शेवटी लावून बघता आला असता. पण तुमच्या जाऊबाई खरं बोलल्या ते फार चांगलं केलं. बरेच लोक नाही म्हणतात. मग आम्हाला कळतं ते भूल दिल्यावर.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एसटीतलं माझं वाक्य आठवलं. ‘नाही म्हणून मोकळं व्हायचं ना!’ अक्कांनी माझ्याकडे बघितलं, पण त्या नऊ महिन्यांपूर्वीसारख्याच गप्प राहिल्या. तो त्यांचा मोठेपणा.

रद्द करण्याची कारणं

मग मी मॅडमना विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. कारणांचे सरळ दोन गट पडतात. एक, आपल्या शरीरातली कारणं. दुसरी, रुग्णालयाच्या व्यवस्थेतली.

पहिल्या गटात रक्तदाब येतो. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे गेला तर ठरवून करायचं ऑपरेशन साधारणपणे पुढं ढकलतात. यात गंमत अशी की उपाशी राहायचं म्हणून बायका त्या दिवशी बीपीची गोळीही घेत नाहीत. मग बीपी वाढतं आणि ऑपरेशन रद्द! बीपीच्या बहुतेक गोळ्या पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. साखरेच्या गोळ्या मात्र उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम उतरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागू शकतात. म्हणून कुठली घ्यायची, कुठली थांबवायची, हे गोळीनुसार डॉक्टरांनाच विचारायचं.

ताप, सर्दी, खोकला हेही कारण. फुप्फुसात कफ असताना भूल देणं धोक्याचं, आणि हर्नियासारख्या ऑपरेशननंतर खोकून खोकून टाक्यांवर ताण येतो तो वेगळाच.

आणि आपल्या बायकांचं हमखास कारण म्हणजे रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांमध्ये ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त! ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनला डॉक्टर हिमोग्लोबिन साधारण दहाच्या आसपास तरी मागतात. नसेल तर आधी रक्त भरायचं, मग ऑपरेशन. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तदान शिबिरं कमी होतात, त्यामुळे पेढीत रक्ताचा तुटवडा असतो. हव्या त्या गटाची पिशवी मिळाली नाही, तर तेही रद्द होण्याचं कारण ठरतं.

पाळीचं काय? ऐनवेळी ‘अडचण’ आली म्हणून कितीतरी जणी सांगायला लाजतात किंवा स्वतःच घरी बसतात. बहुतेक ऑपरेशनं नुसत्या पाळीमुळे रद्द करावी लागत नाहीत. डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील. लग्नकार्यासाठी घेतो तशा पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मात्र ऑपरेशनसाठी आपल्या मनानं घेऊ नका. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असतो.

आता दुसरा गट. सिझेरियनसारखं तातडीचं ऑपरेशन आलं की ठरवलेलं मागं पडतं. त्या दुसऱ्या गुरुवारी नेमकं हेच झालं होतं. थिएटर एक, भूल देणारे डॉक्टर एक आणि बाळाचे ठोके मंदावलेले. अक्का थांबू शकत होत्या, ते बाळ थांबू शकत नव्हतं. तालुक्याच्या खासगी दवाखान्यांत तर एकच भूलतज्ज्ञ तीन-चार दवाखान्यांत फिरत असतात. एका ठिकाणी अडकले की दुसरीकडची बाई टेबलावर ताटकळते.

याशिवाय आयसीयूत खाट नसणं, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन बंद पडणं, योजनेची मंजुरी न येणं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ठरवून ऑपरेशन करायचं तर आधी मंजुरी लागते, आणि रेशनकार्डावरचं नाव आधारशी जुळत नाही एवढ्यावर घोडं अडतं. कधी संप असतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा सरकारी रुग्णालयांत ठरलेली ऑपरेशनं पुढं गेली होती. करोनात २०२० साली तर जगभर तातडीचं सोडून बाकी सगळं थांबलं होतं.

आणखी एक कारण ऐकून मी चाट पडले. नवऱ्याची सही! ‘मिस्टर आले नाहीत’ म्हणून कित्येक ऑपरेशनं खोळंबतात. रक्त आणायला, औषधं आणायला सोबत माणूस हवं हे खरं. पण सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या ऑपरेशनला संमती लागते ती तिची स्वतःची. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली, गर्भपिशवी काढण्याच्याच एका खटल्यात, हे स्पष्ट सांगितलं आहे. तिथं बाई भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेतली होती, ती न्यायालयानं मानली नाही. तेव्हा तो कागद आपण स्वतः वाचायचा, कळला नाही तर वाचून घ्यायचा आणि मग सही करायची.

विचारायचं आणि लिहून घ्यायचं

पहिल्या गटातलं रद्द होणं म्हणजे आपला जीव वाचवणं. दुसऱ्या गटातलं काही टाळता येणारं नसतं, तर काही निव्वळ ढिसाळपणा असतो. पण आपल्याला कारणच सांगितलं नाही, तर कुठलं काय हे कळणार कसं? पहिल्या दिवशी कुणी दोन मिनिटं थांबून ‘दुधाचा चहा फुप्फुसात जाऊ शकतो’ एवढं सांगितलं असतं, तर आम्ही चिडलो नसतो. दुसऱ्या दिवशी कुणी धीरानं पुढची तारीख समजावली असती, तर कदाचित अक्कांच्या मनातून देवाची इच्छा निघाली असती. कामाचा ताण मी डोळ्यांनी पाहिला आहे. तरीही दोन वाक्यांना पैसे पडत नाहीत.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नियम आहे. रुग्णालयाच्या अडचणीमुळे ऐनवेळी ऑपरेशन रद्द झालं, तर २८ दिवसांच्या आत नवी तारीख द्यावी लागते. आपल्याकडे असा दिवसांचा नियम नाही. पण आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती मिळणं हा आपल्याकडेही रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांच्या नियमांत ती २०२१ साली आली. दवाखान्यात ती सगळ्यांना दिसेल अशी लावायची असते. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर शोधा बरं!

अक्कांना रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, शिरेतून लोह दिलं. तारीख मिळाली ती नेमकी गौरी-गणपतीच्या आधीची. झालं, अक्का म्हणाल्या, “गौरी होऊन जाऊ दे गं, मग बघू.” मी म्हटलं, “अक्का, यंदा गौरी मी एकटी आणते. सोळा भाज्या होतील की नाही माहीत नाही, पण तुम्ही जायचं.” त्या चहाचं देणं मला असंच फेडायचं होतं.

ऑपरेशन झालं, आणि तेही गुरुवारीच! गौरी जेवल्या त्या दिवशी अक्का खाटेवर पडून मला मोठ्यानं सूचना देत होत्या, पुरणात जायफळ कमी पडलंय म्हणून. आता त्यांचं हिमोग्लोबिन बाराच्या वर आहे. गल्लीत कुणाचंही ऑपरेशन ठरलं की आदल्या रात्री अक्कांचा फोन जातोच, “बाई, चहासुद्धा नाही बरं का! आणि चुकून घेतलाच, तर खरं सांग.”

हे लक्षात ठेवा

• ‘उपाशी’ म्हणजे नक्की काय, ते घड्याळाची वेळ सांगून विचारा. जेवण किती वाजेपर्यंत, पाणी किती वाजेपर्यंत? दूध, चहा, ताक, खिचडी ही ‘उपाशी’त बसत नाहीत.

• चुकून काही घेतलं तर लगेच सांगा. लपवू नका.

• रोजच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून भूलतज्ज्ञांना दाखवा. आयुर्वेदिक, घरगुती औषधंसुद्धा.

• दमा, फिट, जुना क्षयरोग, आधीच्या भुलीचा त्रास, हलणारा दात, कवळी हे न विचारता सांगा.

• तारीख ठरली की हिमोग्लोबिन, साखर, बीपी आधीच तपासून घ्या. सुधारायला वेळ मिळतो.

• सर्दी-ताप आला तर निघण्याआधी फोन करा. फेरी वाचेल.

• नखांना नेलपॉलिश, बोटांच्या टोकांना मेंदी नको. रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र बोटाला लावतात.

• रेशनकार्ड, आधार आणि योजनेची मंजुरी आठवडाभर आधी बघून ठेवा.

• रद्द झालंच, तर तीन प्रश्न विचारा. का रद्द झालं? तोपर्यंत मी काय औषध घेऊ? पुढची तारीख कोणती? उत्तरं फाईलवर लिहून घ्या. आणि आता काही खाऊ का, हे विचारायलाही विसरू नका.

• तो तारखेचा कागद फोटोमागे ठेवू नका. कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करा.